पाणी नेमकं कुठे मुरतंय?

जुन्या गाडीचा हीटर कोर गळतो आहे असं निदान झालं की गॅरेजमध्ये सहसा तीन सल्ले मिळतात. रेडिएटरमध्ये गळती बुजवणारं काहीतरी टाका. हीटरच्या दोन्ही नळ्या एकमेकींना जोडून कोर वगळा, म्हणजे बायपास करा. किंवा डॅशबोर्ड खोलून नवा कोर बसवा. मालक या तिन्हींकडे खर्चाच्या चढत्या क्रमाने पाहतो आणि खिसा नाही म्हणेल तिथे थांबतो. माझ्या मते हा क्रमच फसवा आहे. कोर हा कूलिंग यंत्रणेतला सर्वांत पातळ आणि अरुंद भाग. तो फुटतो तेव्हा बहुतेक वेळा बिघाड दुसरीकडे असतो: यंत्रणेतलं पाणी खराब झालेलं असतं, दाब वाढलेला असतो किंवा कुठेतरी अर्थिंग सुटलेलं असतं. ते कारण तसंच ठेवून बसवलेला महागडा नवा कोरही फार टिकत नाही. उलट कारण दूर केलं, तर आपल्या हवामानात बऱ्याच गाड्यांना साधा बायपाससुद्धा पुरतो, आणि त्याला जुगाड म्हणून हिणवण्याचं कारण उरत नाही.

हीटर कोर म्हणजे डॅशबोर्डच्या आत, ब्लोअरच्या वाटेत बसवलेला छोटा रेडिएटर. इंजिनात तापलेलं कूलंट त्यातून फिरतं, ब्लोअर त्यावरून हवा ढकलतो आणि ती गरम हवा पायांकडे किंवा काचेकडे जाते. अमेरिकेत नॅश कंपनीने १९३८ साली बाहेरची हवा आत घेऊन गरम पाण्यावर तापवणारी ‘वेदर आय’ यंत्रणा आणली. मूळ मांडणी तेव्हापासून फारशी बदललेली नाही. (इंजिन हवेवर थंड होणाऱ्या जुन्या फोक्सवॅगन बीटलला हा कोरच नव्हता, तिची दुखणी वेगळी.) बदललं ते साहित्य. जुने कोर तांब्या-पितळेचे, झाळलेले असत आणि रेडिएटरवाला ते खोलून पुन्हा झाळून देई. नंतर पातळ ॲल्युमिनियमच्या चपट्या नळ्या आणि त्यांच्या टोकांना दाबून बसवलेल्या प्लास्टिकच्या टाक्या आल्या. हे कोर हलके आणि स्वस्त, पण धातूची भिंत इतकी पातळ की गंजाला आरपार जायला वेळ लागत नाही. शिवाय प्लास्टिक आणि धातू यांच्यामधलं रबर वयानुसार कडक होतं. आणखी एक फरक निदानाच्या वेळी उपयोगी पडतो. काही गाड्यांत हीटरचा नॉब कोरकडे जाणारं पाणीच कॉकने बंद करतो. इतर बऱ्याच गाड्यांत पाणी कोरमधून सतत फिरत असतं, नॉब फक्त हवेची झडप हलवतो. अशा गाडीत नॉब निळ्या बाजूला फिरवून गळती थांबल्याचं समाधान मानण्यात अर्थ नाही.

निदानाची घाई मात्र महागात पडते, कारण गाडीतलं कार्पेट ओलं होण्याची कारणं आपल्याकडे निदान तीन आहेत. पावसाळ्यात काचेखालच्या जाळीत पाचोळा साठून किंवा दाराचं रबर फाटून पावसाचं पाणी आत येतं. एसीच्या कूलिंग कॉइलवर जमलेलं पाणी बाहेर सोडणारी बारीक नळी तुंबली की तेही पायाशीच उतरतं. ते स्वच्छ असतं, त्याला वास नसतो आणि एसी बंद ठेवला की थांबतं. कूलंट मात्र बोटांना बुळबुळीत लागतं, त्याला गोडसर वास असतो, बहुधा रंगही असतो, आणि रेडिएटरची पातळी बाहेर थेंबही न पडता खाली जात राहते. सर्वांत बोलकी खूण समोरच्या काचेवर मिळते. ब्लोअर चालू केला की काचेच्या आतून तेलकट धुकं धरतं आणि फडक्याने पुसलं तर पसरतं. पावसाळ्यातलं साधं धुकं पुसलं की जातं. हे जात नाही. तरीही एवढ्यावर डॅशबोर्ड खोलू नये. हातपंपाने रेडिएटरच्या तोंडातून, कॅपवर लिहिलेला आकडा न ओलांडता, दाब द्यावा. काटा हळूहळू उतरत असेल तर इंजिनच्या बाजूला हीटरच्या दोन्ही नळ्या चिमट्याने दाबून पुन्हा पाहावं. आता काटा स्थिर राहिला तर गळती हीटरच्या बाजूला आहे. तरीही उतरत राहिला तर कोरवर आळ घेण्याचं कारण नाही. अनेकदा कोर ठीक असतो आणि गळत असते ती नळी कोरला जोडणारी क्लिप किंवा ओ-रिंग. एवढ्या तपासणीला फार वेळ लागत नाही, पण ती टाळून निर्दोष कोर बदलला जाण्याचा धोका खरा आहे.

आता मूळ कारणाकडे. थंड देशांत कूलंट घालण्याचं पहिलं निमित्त पाणी गोठू नये हे असतं: निम्मं इथिलीन ग्लायकॉल आणि निम्मं पाणी यांचं मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपास गोठतं. आपल्याकडे पाणी गोठतच नाही, मग कूलंटचा खर्च कशाला, असा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या मांडला गेला आणि रेडिएटर नळाच्या, प्रसंगी बोअरच्या पाण्याने भरले गेले. या हिशेबात कूलंटचं दुसरं काम निसटलं. त्यातली गंजरोधक द्रव्यं ॲल्युमिनियम, तांबं, झाळ, बीड आणि पोलाद हे एकाच पाण्यात बुडालेले वेगवेगळे धातू एकमेकांपासून सांभाळतात. कूलंट तपासण्याची एएसटीएम संस्थेची डी १३८४ नावाची जुनी चाचणी आहे. तिच्यात सहा धातूंचे तुकडे कूलंटच्या पातळ मिश्रणात ८८ अंश तापमानाला ३३६ तास ठेवतात, आणि पाणी मुद्दाम गंजवणारं घेतात: त्यात क्लोराइड, सल्फेट आणि बायकार्बोनेट प्रत्येकी १०० पीपीएम, म्हणजे लिटरला साधारण तेवढेच मिलिग्रॅम, असतात. आता आपल्या पिण्याच्या पाण्याचं मानक, आयएस १०५००, पाहा. त्यात क्लोराइडची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर १००० पर्यंत चालतं. काठिण्य २०० आणि नाइलाजाने ६००. म्हणजे प्रयोगशाळेत ‘गंजवणारं’ म्हणून बनवलेल्या पाण्याच्या अडीचपट क्लोराइड असलेलं पाणी आपल्याकडे निर्धास्तपणे पिता येतं. माणसाच्या पोटाला त्याने काही होत नाही, ॲल्युमिनियमला होतं. दख्खनच्या बेसॉल्टमधल्या अनेक विहिरी आणि बोअर यांचं पाणी जड असतं हे गिझरची कॉइल बदलणाऱ्या कोणालाही सांगावं लागत नाही. तोच पांढरा थर कोरच्या नळ्यांतही बसतो. आणि हीटर क्वचितच लावला जातो, त्यामुळे कॉकवाल्या गाड्यांत तेच पाणी तिथे महिनोन्‌महिने साचून राहतं. थराखाली, जिथे ताजं गंजरोधक पोहोचत नाही, तिथे धातू खड्ड्याखड्ड्यांनी खाल्ला जातो. न वापरलेला हीटर टिकायला हवा, ही समजूत म्हणूनच उलटी आहे.

इथे गॅरेजमधला सर्वांत जुना आक्षेप उभा राहतो: गाडी इतकी वर्षं साध्या पाण्यावर चालली, कूलंट घातलं आणि महिन्याभरात गळायला लागली, म्हणजे दोष कूलंटचाच. निरीक्षण बऱ्याचदा खरं असतं, निष्कर्ष चुकतो. भोक आधीच पडलेलं असतं, क्षार आणि गंज यांनी ते बुजवून ठेवलेलं असतं. नवं कूलंट तो थर सैल करतं, आणि ग्लायकॉलच्या मिश्रणाचा पृष्ठताण साध्या पाण्यापेक्षा कमी असल्याने ते बारीक फटीतून सहज झिरपतं. कूलंटने भोक पाडलं नाही, उघडं पाडलं. मात्र आक्षेपाचा एक भाग मान्य करायला हवा. जुन्या यंत्रणेत नवं कूलंट ओतण्याआधी ती नीट धुतली नाही, किंवा घरगुती नळाच्या जोराने उलट दिशेने धुतली, तर दुबळा कोर त्याच वेळी फुटू शकतो. दोन जातींची कूलंट मिसळणं हाही असाच प्रमाद. सिलिकेटवर चालणारं जुनं आणि सेंद्रिय आम्लांवर चालणारं नवं एकत्र केलं की दोघांचंही आयुष्य घटतं. रंगावरून जात ओळखता येत नाही. रंग हा कंपनीचा मामला आहे, तेव्हा डब्यावरचं वाचावं. आणि चांगल्या कूलंटलाही मुदत असते. वयानुसार ग्लायकॉल सडून त्याची आम्लं होतात आणि गंजरोधक संपतात. जुन्या पद्धतीचं कूलंट साधारण दोन वर्षांनी आणि दीर्घायुषी म्हणून विकलं जाणारं साधारण पाच वर्षांनी बदलायचं असतं. रंग हिरवागार दिसतो म्हणून ते जिवंत आहे असं होत नाही.

पाण्याखालोखाल दोन संशयित राहतात. पहिला दाब. जुन्या जपानी धाटणीच्या गाड्यांच्या रेडिएटर कॅपवर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो. कॅप हरवली म्हणून हाताला लागेल ती जास्त दाबाची कॅप बसवली की ताण सर्वांत दुबळ्या जागी जातो. हेड गॅस्केट किंचित गेलं असेल तर सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये घुसून तेच करतो. म्हणून कोर बदलण्याआधी, इंजिन थंड असताना कॅप उघडून सुरू करून बुडबुडे येतात का हे पाहणं भाग आहे. दुसरा संशयित म्हणजे भटकी वीज. इंजिन आणि बॉडी यांच्यातली अर्थिंगची पट्टी गंजली की प्रवाह कूलंटमधून वाट काढतो आणि ॲल्युमिनियम झिजवतो. हे तपासायला साधा मल्टिमीटर पुरतो: काळं टोक बॅटरीच्या ऋण टोकाला, तांबडं टोक धातूला न लावता कूलंटमध्ये बुडवायचं. फोर्डने अमेरिकेत आपल्या वर्कशॉपांना दिलेल्या सूचनांत ०.४ व्होल्टपेक्षा जास्त वाचन आलं तर विजेचा दोष शोधा असं सांगितलं होतं. त्याच सूचनांत कोरला वेगळं अर्थिंग देऊ नका असंही बजावलं होतं. आपल्याकडे काही इलेक्ट्रिशियन नेमकं हेच हौसेने करतात, आणि प्रवाहाला कोरमधून जाण्याची वाट आयती करून देतात.

तीन उपायांपैकी गळती बुजवणाऱ्या औषधांबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. कण भोकात अडकतात किंवा सिलिकेट उष्णतेने आणि हवेने घट्ट होतं, ही त्यांची क्रिया. आपल्या ट्रकवाल्यांची हळद याच तत्त्वावर चालते, आणि गाव दहा किलोमीटरवर असताना ती चालते हे नाकारण्याचं कारण नाही. अडचण अशी की कणांना छिद्र आणि अरुंद नळी यांतला फरक कळत नाही. प्रवाह मंद आणि वाट बारीक असलेल्या जागी ते आधी बसतात, आणि यंत्रणेतली अशी जागा म्हणजे कोरच. गळती थांबते, सोबत हीटरही. शिवाय थोडा गाळ रेडिएटरच्या वाट्याला येतो. यावर जाणकार उत्तर देतात की जनरल मोटर्सने कॅडिलॅकच्या काही इंजिनांत अशा गोळ्या कारखान्यातच घातल्या होत्या. खरं आहे, पण त्या नव्या, स्वच्छ यंत्रणेत, मोजून, सांध्यांतून होणाऱ्या सूक्ष्म पाझरासाठी होत्या. वीस वर्षांच्या, क्षाराने निम्म्या भरलेल्या कोरला तो दाखला लागू पडत नाही. रस्त्यात अडकल्यावर टाकावं, घरी पोहोचल्यावर धुऊन काढावं, यापलीकडे या औषधांना जागा नाही.

बायपास हा खरा वादाचा मुद्दा. त्याची बदनामी मुख्यतः तो चुकीच्या पद्धतीने केल्यामुळे झाली आहे. नळ्यांच्या तोंडात बोल्ट ठोकून त्या बंद करणं म्हणजे बायपास नव्हे. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट बंद असताना पाणी फिरतं ठेवण्याची वाट हीटरच्या नळ्यांतूनच जाते. ती तोडली तर थर्मोस्टॅटपर्यंत गरम पाणी वेळेवर पोहोचत नाही आणि इंजिन तापतं. काही डिझेल गाड्यांत ईजीआरचा, म्हणजे धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात फिरवणाऱ्या यंत्रणेचा, कूलर याच वाटेवर असतो, तर मागे वेगळा हीटर असलेल्या मोठ्या गाड्यांत आणखी एक फाटा. म्हणून आधी पाण्याची वाट समजून घ्यावी, मग जाणारी आणि येणारी नळी हीटरच्याच दर्जाच्या होज पाइपने, यू आकाराचं वळण न चिंबता, जोडावी. व्यास वेगळे असतील तर धातूचा सांधा वापरावा, मूळ नळीत प्रवाह कमी करणारी चकती असेल तर ती ठेवावी, आणि जोड सायलेन्सरच्या गरम पाइपापासून दूर राहील असं पाहावं. कोरमध्ये उरलेलं कूलंट हवेच्या दाबाने हलकेच बाहेर काढलं नाही तर वास आणि थेंब पुढे कित्येक आठवडे चालू राहतात आणि बायपास फसला असा समज होतो.

यावरचे आक्षेप मात्र वजनदार आहेत. पहिला काचेचा. हीटर ही आपल्याकडे चैन असेल, काच स्वच्छ दिसणं चैन नाही. एसी असलेल्या गाडीत याचं उत्तर आहे: पावसाळ्यात आतल्या हवेतलं बाष्प कूलिंग कॉइल काढून घेते, आणि आपल्या दमट उष्ण हवेत काच मोकळी करण्याचं काम मुख्यतः तीच करते. हीटर सोबत असेल तर हवा कोरडी आणि उबदार मिळते. नसेल तर काच फार थंड होऊन तिच्या बाहेरून धुकं धरतं, जे वायपरने जातं. गैरसोय आहे, पण धोका नाही. एसी नसलेल्या किंवा एसी कायमचा बंद पडलेल्या जुन्या गाडीत मात्र हीटर हाच काच मोकळी करण्याचा एकमेव मार्ग असतो. अशा गाडीने आंबोली किंवा महाबळेश्वरचा घाट जुलैत चढायचा असेल तर बायपास करू नये, एवढं स्पष्ट म्हणावं लागेल. डिसेंबरात निफाडचा पारा कधी पाच अंशांच्याही खाली उतरतो, पण ती थंडी स्वेटरने निभते. अमेरिकेत किंवा कॅनडात जुनी गाडी बाळगणाऱ्या मराठी माणसाला मात्र हा सगळा युक्तिवाद निरुपयोगी आहे. तिथे गोठलेली काच हा जिवाचा प्रश्न आहे, आणि काच मोकळी ठेवणारी यंत्रणा अमेरिकी सुरक्षा नियमांनी नव्या गाड्यांना १९६८ पासूनच सक्तीची केली. दुसरा आक्षेप घाटातला. इंजिन तापायला लागलं की हीटर पूर्ण लावून थोडी उष्णता बाहेर काढण्याची युक्ती जुने चालक वापरतात, आणि ती शास्त्रशुद्ध आहे. कोर म्हणजे जादा रेडिएटरच. बायपासने ती सोय जाते. पण जी गाडी त्या सोयीवर घाट चढते तिचा रेडिएटर, पंखा किंवा वॉटर पंप दुरुस्तीला आलेला आहे, आणि ती दुरुस्ती हीटरच्या आधी करायची आहे.

उरला नवा कोर. रोज चालणारी, अजून बरीच वर्षं ठेवायची गाडी, एसी नसलेली गाडी आणि जपून ठेवलेली हौसेची गाडी, यांना तोच उपाय योग्य. इथे सुट्या भागापेक्षा मजुरी कित्येक पटींनी जड असते, कारण बऱ्याच गाड्यांत आख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो आणि कूलिंग कॉइल त्याच खोक्यात असेल तर एसीचा गॅसही काढून पुन्हा भरावा लागतो. उन्हाने ठिसूळ झालेल्या प्लास्टिकच्या खुंट्या तुटतात आणि मग डॅशबोर्ड कायमचा खडखडतो. दुरुस्तीच्या अंदाजात कोणी न धरलेला हा खर्च आहे. एवढं खोललंच आहे तर हीटरच्या नळ्या, क्लिपा आणि ओ-रिंग नव्या घ्याव्यात, आणि पुन्हा कधी तिथे हात पोहोचणार नाही हे धरून कूलिंग कॉइलही तपासावी. दाएवू मटिझ किंवा सिएलोसारख्या, कंपनी देशातून गेलेल्या गाड्यांचा प्रश्न निराळा. कुर्ल्याच्या भंगार बाजारात कोर मिळेल, पण तो त्याच वयाचा आणि बहुधा तसल्याच पाण्यावर जगलेला असेल. दाराचं हँडल भंगारातून घ्यावं, कोर घेऊ नये. मूळ कोर तांब्या-पितळेचा असेल तर चांगल्या रेडिएटरवाल्याकडून तो झाळून किंवा नव्या नळ्या घालून घेणं हे त्यापेक्षा शहाणपणाचं. हे सगळं यंत्रणा धुऊन, अर्थिंग तपासून आणि शुद्ध केलेल्या पाण्यातलं कूलंट भरूनच करायचं. नाहीतर नवा कोर जुन्याच्या वाटेने जाईल.

‘थोडंसंच गळतंय, पातळी बघत चालवू’ हा चौथा, न बोललेला पर्याय सर्वांत लोकप्रिय आहे आणि तोच सर्वांत वाईट. दुसऱ्या पिढीच्या गोल्फ आणि जेटा गाड्यांत कोर फुटून उकळतं कूलंट पायांवर येण्याच्या धोक्यामुळे फोक्सवॅगनला गाड्या परत बोलावून हीटरच्या नळ्यांत झडप बसवावी लागली होती. पाझर आणि फुटणं यांतलं अंतर कोणी आधी सांगू शकत नाही. शिवाय इथिलीन ग्लायकॉल गोड असतं आणि विषारी असतं. शरीरात त्याचं ऑक्झॅलिक आम्ल होऊन मूत्रपिंडं निकामी होतात. मोठ्या माणसाला शंभर मिलिलिटरच्या आसपासची मात्रा जीवघेणी ठरू शकते, कुत्र्या-मांजरांना त्याहून कितीतरी कमी. काढलेलं कूलंट म्हणूनच गटारात न ओतता झाकणाच्या डब्यात गॅरेजकडे द्यावं. ओल्या कार्पेटकडेही दुर्लक्ष करून चालत नाही. ग्लायकॉल हवेतला ओलावा ओढत राहतं, उन्हात ठेवूनही खालचा नमदा पूर्ण सुकत नाही. त्याखाली पत्रा गंजतो आणि अनेक गाड्यांत तिथूनच जाणाऱ्या वायरिंगचे जोड हिरवे पडतात. कार्पेट काढून कोमट पाण्याने दोन-तीनदा धुवावं, नमदा टाकून द्यावा, पत्र्याला रंगाचा हात मारावा आणि वायरिंगचे जोड पुसून कोरडे झाल्यावरच नवं कार्पेट आत घालावं.